साडेचार की पावणेपाच

सासऱ्यांनी गाडी चालवणं सोडलं तेव्हा जीप दोन्ही जावयांना मिळून दिली. एकालाच दिली असती तर दुसऱ्याला वाईट वाटलं असतं. दोघांना दिल्यामुळे दोघांनाही वाईट वाटायचं होतं, फक्त त्याला चार महिने लागले.

थोरले जावई दातांचे डॉक्टर. धाकट्याचं चष्म्याचं दुकान. नात्याने दोघे साडू. हे नातंच मोठं अवघड आहे. रक्ताचं नाही, मैत्रीचं नाही. दोन माणसांनी एकाच घरातली मुलगी केली, एवढ्या आधारावर जन्मभर दारात उभं राहून एकमेकांना ‘तुम्ही आधी’ म्हणत राहायचं. डॉक्टर आणि चष्मेवाला चौदा वर्षं तसंच म्हणत आले होते. एकदाही वाजलं नव्हतं. वाजायला भांडी एकत्र असावी लागतात आणि तोवर त्यांच्यात सामाईक असं काही नव्हतं.

सासरे भूगर्भशास्त्रज्ञ. निवृत्तीनंतर डोंगरावरच्या दगडी घरात एकटेच राहत. आयुष्य दगडांच्या संगतीत गेल्यामुळे माणसांवर ते फारसे शब्द खर्च करत नसत. त्यांच्या तोंडातली कवळी थोरल्या जावयाने बसवलेली, नाकावरचा चष्मा धाकट्याने दिलेला, आणि दोन्हींबद्दल त्यांची तक्रार सारखीच होती, त्यामुळे पक्षपाताचा आरोप कुणाला करता येत नव्हता. दर रविवारी दोघी मुली त्यांच्याकडे जात. आता जीप आल्यावर जावयांनीच त्यांना न्यायचं ठरलं.

घरापर्यंतचा शेवटचा दोन किलोमीटरचा रस्ता म्हणजे नुसती दगडधोंड्यांची वाट. तिच्या मध्यावर एक वाकडा चढ होता. पावसाच्या पाण्याने तिथे रस्ता तिरका कापला होता. एका बाजूला घळ, दुसऱ्या बाजूला म्हशीएवढा दगड. पहिल्याच रविवारी जीप तिथे अडकली. पुढचं डावं चाक हवेत आणि मागचं उजवं चाक हवेत, अशी ती लंगडी घालत उभी राहिली. डॉक्टरांनी जोर दिला की हवेतली दोन चाकं गरागरा फिरत आणि जमिनीवरची दोन स्वस्थ बसून बघत. सासरे वरून काठी टेकत आले आणि म्हणाले, “उजवं चाक दगडावर घ्यायचं.” चाळीस वर्षं ते तसंच घेत आले होते. पण सल्ला इतका साधा होता की दोघाही शिकलेल्या जावयांना तो पटला नाही.

शहरात परतल्यावर गाड्यांच्या मिस्त्रीने त्यांना खरं कारण समजावून सांगितलं. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त जावं लागतं, आतल्याला कमी. म्हणून दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल असतं; ते ज्याला त्याला आपापल्या गतीने फिरू देतं. पण त्याचा स्वभाव असा, की जे चाक हवेत लटकतंय, ज्याला काहीच काम नाही, सगळी ताकद ते त्यालाच देऊन बसतं. चष्मेवाल्याला आपल्या दुकानातल्या वरिष्ठ सेल्समनची आठवण झाली. यावर उपाय म्हणजे लॉकर. लॉकर लागला की दोन्ही चाकं एकमेकांना जखडली जातात. एक हवेत असलं तरी दुसरं गाडी ओढतं.

“मग एक लॉकर बसवून टाका,” चष्मेवाला म्हणाला.

“नुसता लॉकर बसवला तर जुना शाफ्ट मोडेल,” मिस्त्री म्हणाला.

त्या एका वाक्यापासून सगळं सुरू झालं. लॉकर घ्यायचा तर एक्सलचे, म्हणजे चाकांच्या आसातले, शाफ्ट जाड हवेत. शाफ्ट जाड करायचे तर एक्सल खोलावा लागणार. खोललाच आहे तर मोठे टायर का नकोत, म्हणजे पोट दगडाला घासणार नाही. टायर मोठे केले तर इंजिनाला ते फिरवणं जड जाणार, म्हणून डिफरन्शियलमधली क्राऊन-पिनियन ही दातेरी जोडी बदलायला हवी. ‘क्राऊन’ हा शब्द कानावर पडताच डॉक्टर खुर्चीत सावरून बसले. हा आपला विषय आहे, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं.

दोन महिने दोघांनी अभ्यास केला. डॉक्टर दाढ कोरता कोरता पेशंटला शाफ्टच्या पोलादाबद्दल सांगत, आणि तोंडात नळी असल्यामुळे पेशंटला विरोध करता येत नसे. चष्मेवाला गिऱ्हाईकाच्या डोळ्यांसमोर एकामागून एक भिंगं धरून ‘हे बरं की ते बरं’ विचारायचा, आणि तेवढ्यात स्वतः काउंटरवरच्या माहितीपत्रकात दोन लॉकरांची तुलना करायचा. त्या काळात त्याने एका बाईंना दोनदा चुकीचा नंबर दिला.

पहिला मतभेद झाला तो लॉकरच्या जातीवर. डॉक्टरांना हवेच्या दाबावर चालणारा लॉकर हवा होता. हवं तेव्हा बटण दाबायचं, चाकं जखडली. पुन्हा दाबायचं, सुटली. त्यांचं ड्रिल गेली वीस वर्षं हवेच्या दाबावर चाललं होतं आणि त्यांचा हवेवर विश्वास होता. चष्मेवाल्याला आपोआप लागणारा आणि आपोआप सुटणारा लॉकर हवा होता. उन्हात गेलं की आपोआप काळ्या होणाऱ्या काचा तो रोज विकायचा. माणसाने बटणं दाबत बसावं हेच त्याला मागासलेपणाचं वाटायचं. धाकटीने, म्हणजे त्याच्या बायकोने, बँकेत एक लॉकर रिकामा पडलेला असताना जीपला दोन कशाला, असं विचारलं. त्यावर तिला एक तासाचं उत्तर मिळालं आणि पुन्हा तिने काही विचारलं नाही.

शेवटी मोठ्या समजुतीने वाटणी झाली. पुढचा एक्सल डॉक्टरांचा, मागचा चष्मेवाल्याचा. ज्याने त्याने आपल्या एक्सलमध्ये आपल्याला हवा तो लॉकर, हवे ते शाफ्ट बसवून घ्यायचे, आणि तेही आपापल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये. मिस्त्रीने फक्त दोन्ही एक्सल काढून द्यायचे आणि तयार होऊन आले की जीपला जोडायचे. दोघांनी हात मिळवले. अशी शहाणपणाची वाटणी सख्ख्या भावांतही होत नाही, असं ताई म्हणाली. ताई म्हणजे डॉक्टरांची बायको, धाकटीची थोरली बहीण.

राहिला प्रश्न क्राऊन-पिनियनच्या आकड्याचा. इंजिनाकडून येणारा दांडा किती वेळा फिरला की चाक एकदा फिरतं, तो हा आकडा. जितका मोठा, तितकी गाडी चढाला ताकदवान आणि सपाटीला संथ. डॉक्टर म्हणाले, पावणेपाच. चष्मेवाला म्हणाला, साडेचार. आठवडाभर रोज फोन चालले. एकदा धाकटीने आतून ओरडून सांगितलं की साडेचारला की पावणेपाचला ते एकदाचं ठरवा, म्हणजे आम्ही त्या बेताने आवरू.

मिस्त्रीने दोघांनाही बजावलं होतं की पुढे-मागे आकडा एकच पाहिजे. दोघांनीही मान डोलावली होती. शेवटच्या फोनवर चष्मेवाला म्हणाला, “डॉक्टर, साडेचारच करू या, ऐका माझं.” डॉक्टर म्हणाले, “बघू.” मग डॉक्टर म्हणाले, “पावणेपाचचा एकदा नीट विचार करा तुम्ही.” चष्मेवाला म्हणाला, “बघू.” नातेवाईक ‘बघू’ म्हणाला की त्याचा अर्थ ‘नाही’ असा असतो, हे दोघांनाही पुरतं ठाऊक होतं. पण समोरचा आपल्याला म्हणाला तेव्हा त्याचा अर्थ ‘हो’ असा होता, याबद्दलही दोघांची खात्री होती. चष्मेवाल्याने समाधानाने फोन ठेवला आणि वर्कशॉपला साडेचार कळवले. डॉक्टरांनी त्याच समाधानाने पावणेपाच कळवले.

एक्सल आले, जोडले गेले. काळ्या रंगाचे, जाडजूड, पहिलवानाच्या मांडीसारखे. नेहमीच्या रस्त्यावर ताकद फक्त मागच्या चाकांना जात असल्यामुळे जीप झकास धावली. वळणावर चष्मेवाल्याचा लॉकर टक्-टक् असा आवाज करायचा आणि पायी चालणारी माणसं वळून बघायची, तेवढं सोडलं तर कुणाला नाव ठेवायला जागा नव्हती. चष्मेवाल्याने एकदा चारही चाकांना ताकद देणारा दांडा ओढून पाहिला. जीप कण्हली, आखडली, आणि पन्नास फुटांत जमिनीला चिकटल्यासारखी झाली. त्याने लगेच दांडा पूर्ववत केला. नवं आहे, त्याने मनाशी म्हटलं. नवा चष्माही पहिले चार दिवस टोचतोच. डॉक्टरांना त्याने सांगितलं नाही, उगाच त्यांना आपल्या पुढच्या एक्सलबद्दल वाईट वाटायला नको म्हणून.

सासऱ्यांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस रविवारी आला. त्यांचे तीन जुने सहकारी दुपारी जेवायला येणार होते. ताईने केक मांडीवर घेतला, धाकटीने जेवणाचे डबे पायांशी धरले, आणि जीप वाकड्या चढाच्या तोंडाशी आली. डॉक्टरांनी चारही चाकांना ताकद दिली. बटण दाबून आपला लॉकर लावला. चष्मेवाल्याचा आपोआप लागला. उजवं चाक दगडावर घेण्याचा विचारसुद्धा कुणी केला नाही. एवढी तयारी केल्यावर तो अपमान झाला असता.

जीप चढू लागली. पहिले दहा फूट इतके सुरेख गेले की चष्मेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग जीप थरथरू लागली. मागची चाकं पुढे रेटत होती आणि पुढची चाकं तेवढ्या वेगाने फिरायला तयार नव्हती. दोन हट्टी माणसांनी एक कपाट दोन बाजूंनी धरावं, एकाने चालावं आणि दुसऱ्याने रेंगाळावं, तसं चाललं होतं. चाकं हवेत असतात तेव्हा ती निदान फिरून मोकळी होतात. आता चारही जमिनीला घट्ट आणि एकमेकांना जखडलेली. डॉक्टरांनी आणखी जोर दिला. गाडीच्या पोटातून धाडकन आवाज आला आणि केक ताईच्या मांडीवरून उडून समोरच्या काचेला जाऊन चिकटला.

दोन्ही एक्सलना ओरखडाही नव्हता. ते इतके मजबूत झाले होते की मोडायचं काम त्यांच्या मधल्या ट्रान्स्फर केसवर आलं. पुढच्या आणि मागच्या एक्सलला ताकद वाटून देणारी ती पेटी वाटणीत कुणाच्याच वाट्याला आली नव्हती, त्यामुळे तिच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

सासरे काठी टेकत खाली आले. त्यांनी वाकून गाडीखाली बघितलं, मग उभं राहून जावयांकडे बघितलं.

“पुढचा आकडा किती?” त्यांनी विचारलं.

“पावणेपाच,” डॉक्टर म्हणाले.

“मागचा?”

“साडेचार,” चष्मेवाला म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला सगळा उलगडा झाला. डॉक्टरांचाही चेहरा उतरला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

“मागचा साडेचारला निघतो, पुढचा पावणेपाचला,” सासरे म्हणाले. “अशानं कशी पोचायची गाडी?”

एवढं बोलून ते वर निघून गेले. त्यांच्या मानाने ते भाषणच होतं.

जीप त्या अरुंद जागी अशी काही बसली होती की वाट पूर्ण बंद झाली. तिघे सहकारी खाली आपली छोटी गाडी ठेवून, धापा टाकत, जीपच्या एका दारातून आत शिरून दुसऱ्या दारातून बाहेर पडत वर आले. त्यांतले सर्वांत वयस्कर वाटेत काचेवरचा थोडा केक बोटाने चाखून गेले. ओढून न्यायला ट्रॅक्टर मिळाला तो मंगळवारी. तोवर गाडी सोडून जाणं दोघाही साडूंना जिवावर येत होतं, आणि त्यांना तिथे एकटं सोडून जाणं त्यांच्या बायकांना. डॉक्टरांचा एक पेशंट अर्धी भरलेली दाढ घेऊन दोन दिवस बंद दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसत होता.

त्या दोन दिवसांत दोघी बहिणींनी आपापल्या नवऱ्याला एकेकटं गाठून समज दिली. काय बोलणं झालं ते कळायला मार्ग नाही, पण त्याचा परिणाम वाईट झाला. दोघेही एकदम उदार झाले. शहरात परतल्यावर चष्मेवाला स्वतः दवाखान्यात गेला आणि म्हणाला, माझीच चूक, पावणेपाच बसवू या. डॉक्टर म्हणाले, छे, मला आता पटलं आहे, साडेचारच योग्य. चष्मेवाला म्हणाला, तुम्ही मोठे आहात. डॉक्टर म्हणाले, म्हणून तर माझं ऐका. हट्ट तोच होता, फक्त आता प्रत्येकजण दुसऱ्याच्या बाजूने तो करत होता. स्वतःच्या मतासाठी भांडणारा माणूस कधीतरी दमतो. दुसऱ्याच्या मतासाठी भांडणारा दमत नाही, कारण त्याला आपण फार चांगले आहोत असं सारखं वाटत असतं. सहा आठवडे जीप मिस्त्रीच्या अंगणात चार लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. दोघी बहिणी दर रविवारी पिशव्या घेऊन डोंगर चढत होत्या. सातव्या आठवड्यात ताईचा गुडघा सुजला.

त्यानंतर चारच दिवसांनी ताई चष्म्याच्या दुकानात आली. चष्म्याची दोरी हवी होती म्हणाली. दोरी घेतल्यावर तिने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून सांगितलं की तिने मिस्त्रीकडे जाऊन मोडलेल्या पेटीसकट सगळं काम उरकून घेतलं आहे. पुढे आणि मागे दोन्हीकडे साडेचार. “तुमचाच नंबर बरोबर होता,” ती म्हणाली, “पण डॉक्टरांजवळ बोलू नका. त्यांना मी सांगेन सावकाश.”

चष्मेवाल्याने शब्द दिला.

पुढच्या रविवारी जीप वाकडा चढ अशी चढून गेली की केक असता तर त्यावरची मेणबत्तीही हलली नसती. चष्मेवाला खिडकीबाहेर बघत होता. साडेचारचा गुण त्याला रोमरोमी जाणवत होता: चढाची ताकद कायम आणि सपाटीवरही कशी चपळ. वास्तविक सपाटीवर त्यांना एक सायकलवाला मागे टाकून गेला होता, पण तो उताराला होता असं चष्मेवाल्याने धरलं. त्याने शेजारी पाहिलं. डॉक्टर गुणगुणत चालवत होते. बिचारे, चष्मेवाल्याच्या मनात आलं. आपण कोणाच्या आकड्यावर चाललो आहोत हेही त्यांना माहीत नाही. त्याला डॉक्टरांविषयी अशी माया चौदा वर्षांत कधी वाटली नव्हती. डॉक्टरही त्याच्याशी फार हळुवारपणे वागत होते. उतरताना त्यांनी स्वतः त्याच्यासाठी दार उघडलं.

असे अकरा रविवार गेले. दोघा साडूंचं इतकं छान जमलं की लोक विचारायला लागले. बाराव्या रविवारी चष्मेवाला सासऱ्यांच्या ओट्यावर बसून त्यांच्या चष्म्याची दांडी वाकवून बेतशीर करत होता. मन भरून आलेलं होतं, समोर कमी बोलणारा माणूस होता. त्याच्याने राहवलं नाही. त्याने सासऱ्यांना विश्वासात घेऊन सांगितलं की गाडीला खरं तर आपलाच, साडेचारचा आकडा आहे, पण डॉक्टरांना कळू द्यायचं नाही.

“मागे कवळीची कड घासताना डॉक्टरही हेच म्हणाले,” सासरे म्हणाले. “पावणेपाच आहे, तुम्हाला कळू द्यायचं नाही.”

“मग आता मला कसं सांगितलंत?”

सासऱ्यांनी चष्मा घालून त्याच्याकडे नीट पाहिलं. “गुपित एकच आहे,” ते म्हणाले. “माणसं दोन झाली.”

चष्मेवाला उठला. बायका आत स्वयंपाकघरात होत्या, डॉक्टर कुठे दिसत नव्हते. त्याने जीपच्या पुढच्या चाकांना दगड लावले, मागचा एक्सल जॅकवर उचलला आणि खडू घेऊन खाली सरपटत गेला. पद्धत त्याला पाठ होती: चाकावर एक खूण, इंजिनाकडून येणाऱ्या दांड्यावर एक खूण, चाक हाताने एकदा पूर्ण फिरवायचं आणि दांडा किती वेळा फिरला ते मोजायचं. त्याने मोजलं. मग चष्मा पुसून पुन्हा मोजलं. साडेचार नव्हते. पावणेपाचही नव्हते. सव्वापाच होते. मिस्त्रीकडे कुठल्याशा खाणीतल्या गाडीची जुळणारी जोडी पडून असणार, आणि ताईने ती बसवून घेतली असणार. ताईला आकड्यांत रस नव्हता. तिला वर पोचायचं होतं.

आधी त्याला राग आला. आपण दुकानात निदान तीसेक गिऱ्हाइकांना साडेचारची थोरवी सांगितली, हे आठवून तो राग थोडा वाढला. मग, सायकली आपल्याला मागे टाकत असतानाही आपण साडेचारची चपळाई कौतुकाने सांगत होतो, असं आठवलं आणि तो राग कुणावर काढावा ते कळेना. त्याने पुन्हा दांड्याकडे पाहिलं. तेव्हा त्याला दिसलं की त्याच्या पांढऱ्या खुणेपासून चार बोटांवर दुसरी एक खूण आहे. निळी. कवळी हिरडीला कुठे टोचते ते दाखवायला डॉक्टर जी पेन्सिल वापरतात, त्या पेन्सिलीची.

बाहेर दोन पाय येऊन थांबले.

“तेल गळतंय का?” डॉक्टरांनी वरून विचारलं.

“नाही,” चष्मेवाला आतून म्हणाला. “थेंबसुद्धा नाही.”

“मलाही नव्हता दिसला.”

चष्मेवाला सरपटत बाहेर आला. डॉक्टरांच्या हातात चहाचे दोन कप होते. एक त्यांनी त्याला दिला आणि शेजारच्या दगडावर बसले.

“कधी बघितलंत तुम्ही?”

“तिसऱ्या रविवारी.”

“आणि काही बोलला नाहीत?”

डॉक्टरांनी चहा फुंकला. आतून दोघी बहिणींचं आणि सासऱ्यांचं हसणं ऐकू येत होतं. सासरे हसतात हे चष्मेवाल्याला त्या दिवशी प्रथम कळलं.

“ज्याचं काही दुखत नाही,” डॉक्टर म्हणाले, “त्याला मी तोंड उघडायला सांगत नाही.”

चष्मेवाल्याने कप दगडावर ठेवला. मग त्याने खिशातून काचा पुसायचं मऊ फडकं काढलं, पुन्हा गाडीखाली गेला आणि दांड्यावरच्या दोन्ही खुणा पुसू लागला. पांढरी लगेच गेली. निळी निघेना. डॉक्टर गुडघे टेकून वाकले, आणि आपल्या कपातला थोडा चहा त्यांनी फडक्यावर ओतला.